प्रस्तावना : सैल हाताची बंदूक

या पुस्तकाची प्रस्तावना माझ्याकडे आली ती पात्रतेमुळे नव्हे, एका जुन्या अपराधामुळे. लेखक माझा सख्खा भाचा. बारावीनंतरच्या सुट्टीत त्यानं दोन वर्षं साठवलेल्या पैशांतून छऱ्याची बंदूक घेतली, आणि इस्लामपुरात त्याच्याच परड्यात उभं राहून मी ती पाच मिनिटांत मोडली. नळी खाली वाकवून स्प्रिंग चढवली होती, छर्रा अजून घालायचा होता आणि बोलण्याच्या नादात माझं बोट चापावर गेलं. उघडी नळी फाटकन वर येऊन जागेवर आदळली. दस्त्याला, जिथं आपण मूठ धरतो तिथं, वीतभर चीर गेली आणि नळी किंचित वर वाकली. अंगठा नळीच्या उघड्या तोंडापाशी असता तर गेलाच होता. भाच्यानं आधी माझा अंगठा पाहिला, मग बंदूक पाहिली आणि म्हणाला, "मामा, तुम्ही आत जाऊन चहा घ्या." इतकं सौम्य बोलणं मला आजवर दुसऱ्या कुणी ऐकवलेलं नाही.

ती चीर बुजवण्यासाठी त्यानं बंदूक खोलली, आणि खोलल्यावर आत काय आहे ते बघत बसला. हे पुस्तक त्या बघत बसण्यातून निघालं आहे. त्यामुळे थोडं श्रेय मी घेतो.

एअरगन म्हटलं की आपल्याकडे डोळ्यांसमोर येतात ते फुगे. उरुण-इस्लामपूरचा संभूआप्पा-बुवाफन उरूस ज्यांनी पाहिला आहे त्यांना ती फळी माहीत आहे. रंगीत फुग्यांच्या रांगा, दोरीला बांधलेल्या दोन-तीन बंदुका, त्यांची माशी एका बाजूला कललेली. जाणते लोक शेजारच्या फुग्यावर नेम धरून हवा तो फुगा फोडत. आम्ही तसं करायचो आणि त्याला नेमबाजी म्हणायचो. या पुस्तकात ज्या रायफलीबद्दल लिहिलं आहे तिचं त्या बंदुकीशी नातं आहे, पण ते जत्रेतल्या एकतारीचं आणि मिरजेच्या सतारमेकर गल्लीतल्या सतारीचं जेवढं असतं तेवढंच. तार दोन्हीला आहे.

आतली करामत समजायला फार शिकावं लागत नाही. ज्यानं रॉकेलच्या स्टोव्हला पंप मारला आहे किंवा सायकलीत हवा भरली आहे, त्याला निम्मी रायफल समजली. पंपाच्या दांड्याला चामड्याचं वायसर असतं, ते नळकांड्यात हवा कोंडतं. चार-सहा वेळा जोरात दाबलं की पंपाचं बूड हाताला गरम लागतं. रायफलीत हात दाबत नाही, स्प्रिंग दाबते. नळी खाली वाकवून किंवा खालची दांडी ओढून आपण जाड पोलादी स्प्रिंग मागे दाबतो आणि ती एका खाचेत अडकते. चाप ओढला की खाच सुटते, पिस्टन पुढे झेपावतो, त्याच्या पुढची हवा एका बारीक भोकापाशी कोंडली जाते, तापते, आणि छऱ्याला नळीतून ढकलून देते. ना बाटली, ना पंप, ना गॅस. बार काढायला लागणारी सगळी ताकद आपल्याच दंडातून आलेली असते. हवा इतकी तापते की पिस्टनपुढे तेल जास्त झालं असेल तर ते पेटतं, अगदी विहिरीवरच्या डिझेल इंजिनासारखं. नवखा माणूस बंदुकीला तेल पाजतो, धूर आणि मोठा आवाज येतो आणि त्याला वाटतं, बंदूक काय जोरात चालली! ती जोरात चालत नसते, आतून जळत असते.

छर्राही बघण्यासारखा असतो. कमरेत बारीक, दोन्ही टोकांना रुंद. देव्हाऱ्यातला डमरू बोटाच्या पेराहून लहान करावा तसा. शिसं मऊ असतं, म्हणून मागचा पोकळ घेर हवेच्या दाबानं फुलतो आणि नळीतल्या पिळाच्या खाचांना घट्ट बसतो. ४.५ मिलिमीटर व्यास, वजन अर्ध्या ग्रॅमच्या आसपास. पुस्तकाचं पहिलं प्रकरण रायफलीवर नसून छऱ्यावर आहे. वाचताना मला ते उलटं वाटलं होतं, पण एकाच डबीतले छर्रे तळहातावर घेऊन त्यानं मला दाखवले. एकाचा घेर चेपलेला, एकाच्या कडेला शिशाचा कण चिकटलेला. "मामा, बंदूक कितीबी भारी घ्या, हा असला दाणा घातला की तुमचं काम झालं."

आता मुख्य गोष्ट, जिच्यापायी मला हे पुस्तक महत्त्वाचं वाटतं.

आमचा वाळवा तालुका उसाचा, तालमींचा आणि चळवळींचा. क्रांतिसिंह नाना पाटलांचं येडेमच्छिंद्र तालुक्यातलंच, हिंदकेसरी मारुती माने यांचं कवठेपिरानही फार लांब नाही. इथं एखादी गोष्ट धरायची म्हणजे आवळून धरायची, हे लहानपणापासून अंगात मुरलेलं. मोळी असो, बैलाचा कासरा असो की समोरच्याचं मनगट. बंदूक हातात आली की आम्ही तीही तशीच धरतो. खांद्यात रुतवतो, डाव्या हातानं पुढचं लाकूड गच्च आवळतो, दात खातो आणि चाप ओढतो. छर्रा भलतीकडे जातो. मग आणखी आवळतो. तो आणखी भलतीकडे जातो.

याचं कारण रायफलीच्या पोटात आहे. चाप सुटल्यापासून छर्रा नळीबाहेर पडेपर्यंत साधारण सेकंदाचा शंभरावा भाग जातो. दारूच्या रायफलीत गोळी याहून कितीतरी लवकर निघून जाते. धक्का मोठा असला तरी तो बराचसा गोळी गेल्यावर जाणवतो. इथं मात्र छर्रा अजून नळीत असताना बंदूक दोनदा हलते. जड पिस्टन पुढे धावतो तेव्हा बंदूक मागे येते. पिस्टन कोंडलेल्या हवेच्या उशीवर आपटून थबकतो तेव्हा ती पुढे झटका खाते. या हलण्याला तुम्ही अडवू शकत नाही, कारण तुमच्या हाताला कळायच्या आत ते होऊन गेलेलं असतं. तुम्ही एवढंच करू शकता की ते दर वेळी सारखं होऊ द्यायचं. आवळलेला हात दर वेळी सारखा आवळला जात नाही. कधी करंगळी जास्त दाबते, कधी गाल. सैल हात मात्र सैलच असतो. म्हणून स्प्रिंगची रायफल उघड्या तळव्यावर, तान्ह्या पोराचं डोकं ठेवतात तशी ठेवायची, खांद्याला नुसती टेकवायची, आणि चाप ओढला की तिला पाहिजे तसं उडू द्यायचं.

हे लिहायला सोपं आहे. मला ते जमायला दोन पावसाळे लागले. भाचा शेजारी उभा राहून एकच सांगायचा, "सैल सोडा की मामा, ती पळून जात नाही." एका संध्याकाळी, गोठ्यामागे, पंचवीस मीटरवर पाच छर्रे मारले आणि कागद बघायला गेलो. रुपयाच्या नाण्याखाली पाचही झाकले गेले. त्या दिवशी मी काही वेगळं केलं नव्हतं. दुपारी उसाच्या बिलाची चौकशी करून दमून आलो होतो, आणि अंगात आवळायला जोरच उरला नव्हता.

चांगली रायफल म्हणजे काय, हा प्रश्न इथून सुटायला लागतो. बाजारात विकला जातो तो जोर. खोक्यावर मोठ्या अक्षरांत सेकंदाला हजार फूट असा वेग लिहिलेला असतो. थोडी आकडेमोड करू. हजार फूट म्हणजे सुमारे ३०५ मीटर. नेहमीचा ०.५१ ग्रॅमचा छर्रा या वेगानं खरंच निघाला तर त्याची ऊर्जा जवळपास २३.७ जूल होते. आपल्या शस्त्र नियम, २०१६ प्रमाणे बिनपरवाना एअरगनची मर्यादा २० जूल आणि ४.५ मिलिमीटर व्यास. म्हणजे एक तर खोकं खोटं बोलतं, किंवा वेग मोजताना पिसासारखा हलका छर्रा घातला होता, किंवा विकत घेणारा नकळत कायद्याबाहेर उभा आहे. बहुतेक वेळा पहिली दोन कारणं खरी असतात. कायद्याच्या मर्यादेत हाच छर्रा सेकंदाला २८० मीटरपर्यंत जाऊ शकतो. तेवढ्याचीही गरज नसते. जर्मनीत बिनपरवाना मर्यादा फक्त साडेसात जूल आहे, आणि जगातल्या उत्तम स्प्रिंग रायफली याच देशात बनतात. हे एक वाक्य मी दुकानाच्या काउंटरवर चिकटवून ठेवलं असतं.

चांगल्या रायफलीत तुम्ही पैसे मोजता ते वेगासाठी नाही. मोजता ते चापासाठी. पहिला टप्पा लोण्यात बोट घातल्यासारखा मागे येतो, मग एक भिंत लागते, आणि त्या भिंतीवर किंचित दाब वाढला की काच तडकावी तसा बार निघतो. जर्मनीतल्या वायराउख कंपनीचा रेकॉर्ड चाप गेली कित्येक दशकं याच गुणासाठी ओळखला जातो. स्वस्त बंदुकीचा चाप म्हणजे गंजलेली कडी. ओढत राहायचं आणि वाट बघायची. आणखी पैसे मोजता ते आवाजासाठी. चांगल्या रायफलीतून कोरडा 'थप्' येतो. वाईट बंदुकीतून 'ठण्ण' येतं आणि गालाच्या हाडापर्यंत स्प्रिंगची झिणझिण पोचते.

मागचा इतिहास लेखकानं तिसऱ्या प्रकरणात दिला आहे, मी त्यातल्या दोन-तीनच गोष्टींवर रेंगाळतो. आमच्या वडिलांच्या पिढीला बीएसए म्हणजे सायकल. पण ही अक्षरं बर्मिंगहॅम स्मॉल आर्म्स या नावाची आहेत. त्या कारखान्याचा मूळ धंदा बंदुकांचा. लिंकन जेफ्रीज नावाच्या बर्मिंगहॅमच्याच कारागिराची स्प्रिंग एअर रायफल या कारखान्यानं १९०५च्या सुमाराला बनवायला घेतली, आणि खेळणं आणि रायफल यांच्यातली रेघ तिथून ठळक झाली. दुसरं नाव डायना. रास्टाट गावी १८९० साली सुरू झालेला हा जर्मन कारखाना. दुसऱ्या महायुद्धानंतर त्याची यंत्रं आणि नावसुद्धा नुकसानभरपाईत ब्रिटनला गेलं. त्यामुळे एखाद्या जुन्या घरात निघालेल्या डायनावर 'ग्रेट ब्रिटनमध्ये बनवलेली' असं कोरलेलं दिसलं तर ती नक्कल समजू नका, ती युद्धाची वसुली आहे. रास्टाटला आपलं नाव परत मिळायला १९८४ उजाडलं.

तिसरी गोष्ट घरची. इंडियन ह्यूम पाइप ही सिमेंटचे पाइप करणारी कंपनी, वालचंद हिराचंद यांच्या उद्योगसमूहातली. सांगलीकरांना वालचंद म्हटलं की इंजिनिअरिंग कॉलेज आठवतं. याच ह्यूम पाइपनं एके काळी 'आयएचपी' छापाच्या एअर रायफली बनवल्या. पाइप आणि नळी यांचं गोत्र तिथं कुणाला सुचलं असेल, याची मला मौज वाटते. त्या रायफली आजही ज्यांच्याकडे आहेत ते सहजासहजी विकत नाहीत. अलीकडे महाराष्ट्रातल्याच प्रिसिहोलसारख्या कंपनीनं देशी रायफलींचा दर्जा बराच वर नेला आहे. परदेशी माल मिळवण्याची दगदग ज्याला नको त्याच्यापुढे आता काहीतरी पर्याय आहे.

इस्लामपूरहून पेठ नाक्याला हमरस्त्यावर लागलं की तासाभरात कोल्हापूर, नेमबाजांचं गाव. दुधाळीच्या रेंजवर वाढलेली तेजस्विनी सावंत २०१० साली म्युनिकला पन्नास मीटर प्रोनमध्ये, म्हणजे पालथं झोपून मारायच्या प्रकारात, जगज्जेती झाली. राही सरनोबत तिथलीच. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिसमध्ये ऑलिंपिकचं ब्राँझ घेऊन उभा राहिला, तेव्हा आमच्या चौकातसुद्धा फटाके वाजले. साहजिकच मुलांचे पालक विचारतात, या स्प्रिंगच्या बंदुकीनं ऑलिंपिकला जाता येईल का? प्रामाणिक उत्तर असं, की नाही. दहा मीटर एअर रायफल १९८४ साली लॉस एंजेलिसला ऑलिंपिकमध्ये आली. त्याआधी बराच काळ या खेळात स्प्रिंग रायफलींचा जोर होता, पण धक्का नाहीसा केलेल्या. फाइनवेर्कबाउ कंपनीनं सगळी रायफलच रुळावर बसवली, म्हणजे बार निघताना ती दस्त्यावरून मागे सरकते आणि नेमबाजाच्या खांद्याला काही कळत नाही. डायनानं तर एकाच वेळी उलट दिशांना धावणारे दोन पिस्टन घातले, एकानं दुसऱ्याचा धक्का खायचा. या युक्त्या बघून आजही हात जोडावेसे वाटतात. पुढे कोंडलेल्या हवेच्या नळकांड्यांनी ही सगळी करामत मोडीत काढली. आजच्या स्पर्धेत दहाचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा असतो आणि गुण दशांशात मोजतात. तिथं स्प्रिंगच्या रायफलीनं जायचं म्हणजे मोटारींच्या शर्यतीत बैलगाडी नेण्यासारखं.

तरीही मला वाटतं, नेमबाजी शिकायला हिच्यासारखी मास्तरीण नाही. हवेच्या नळकांड्याची रायफल तुमची चूक पोटात घालते. ही चव्हाट्यावर मांडते. चाप सुटल्यावर तुम्ही मान उचललीत, गाल सोडलात, श्वास चुकलात, सगळं कागदावर दिसतं. शिवाय ही स्वतंत्र आहे. वीज नको, कॉम्प्रेसर नको. डबीत छर्रे असले की रविवारची सकाळ सुखात जाते.

एका विषयावर लेखकानं अर्धंच पान खर्च केलं आहे, मी त्यात थोडी भर घालतो. आमच्या लहानपणी एअरगन घरात आली म्हणजे परिसरातल्या पाखरांची खैर नसे. होले, साळुंक्या, कुणी पोपटसुद्धा. मीही एक होला मारला होता, पेरूच्या झाडावरचा. तो लगेच मेला नाही. पंख पसरून पेरूखाली गोल फिरत राहिला आणि मी दुसरा छर्रा भरेपर्यंत हात थरथरत होते. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ सालचा आहे. तो तेव्हाही होता, आम्हाला त्याची गंधवार्ता नव्हती. आज माहीत नाही म्हणून चालत नाही. अरुणाचल प्रदेशात २०२१ पासून सरकारनं मोहीम चालवली आणि गावोगावच्या लोकांनी आपणहून एअरगन सरकारजमा केल्या, कारण जंगलं मुकी व्हायला लागली होती. आपल्याकडे अजून शेतकरी विचारतात, शाळूवरची पाखरं उठवायला ही चालेल का, माकडं हुसकायला चालेल का. नाही चालणार. पाखरं उठवायला गोफण पुरते, तीही नुसती आवाजापुरती. छर्रा लागलेलं माकड मरत नाही, कुजतं.

मारायचं ते कागदाला, डब्याला, वाळलेल्या शेणीला. मागे काय आहे ते आधी बघायचं. छर्रा भिंतीवरून, दगडावरून उलटा डोळ्यावर येतो. चष्मा लावल्याशिवाय भाचा कुणालाही बंदुकीला हात लावू देत नाही, मामालाही नाही. त्याच्या गोठ्यामागे लाकडी पेटी आहे, तीत इचलकरंजीच्या मागांवरच्या चिंध्या दाबून भरल्या आहेत. छर्रा आत शिरतो आणि तिथंच बसतो. वर्षाकाठी पेटी उपसून शिसं वेगळं काढतो, आणि छर्रे हाताळल्यावर साबणानं हात धुतल्याशिवाय भाकरीला शिवत नाही.

सातवं प्रकरण दुरुस्तीचं. तेच मला सगळ्यांत आवडलं, कारण त्यात आमची एमआयडीसी आहे. स्प्रिंगच्या आत एक दांडी असते, तिच्यावर स्प्रिंग दबते. कारखान्यातून ती बहुधा सैल येते, म्हणून झिणझिण होते. भाच्यानं नायलॉनचा गज घेतला आणि लेथवाल्याकडे गेला. लेथवाला साखर कारखान्याच्या पंपांची शाफ्ट करणारा माणूस, त्यानं मापं ऐकली आणि विचारलं, "कशाचं आहे हे?" "बंदुकीचं." लेथ बंद झाला. मग भाच्यानं बंदूक आणून दाखवली, बिल दाखवलं, नियम समजावला. पुढच्या दोन तासांत त्या माणसानं केसाइतक्या फरकानं तीन दांड्या कातल्या आणि स्प्रिंग वाजायची थांबेपर्यंत भाच्याला सोडलं नाही. पैसे एका दांडीचे घेतले. त्याच आठवड्यात एका चर्मकारानं जुन्या बंदुकीसाठी चामड्याचं वायसर कापून, तेलात भिजवून, साच्यात दाबून दिलं. जर्मनीत तयार झालेली वस्तू वाळव्यात दुरुस्त होते, याचा मला उगीचच अभिमान वाटतो.

रायफल खोलताना एक ध्यानात ठेवा, म्हणजे लेखकानं लाल चौकटीत छापलेलं मी पुन्हा सांगतो. न चढवलेली स्प्रिंगसुद्धा आत दाबूनच बसवलेली असते. शिकंज्याशिवाय मागचा बोल्ट काढलात तर ती छाताडात बसेल. रिकामा बार काढू नका. पुढे छर्रा नसेल तर हवेची उशी नीट तयार होत नाही आणि लोखंडावर लोखंड आपटतं. दुर्बीण लावायची असेल तर स्प्रिंगच्या रायफलीला सोसेल अशीच घ्या. दारूच्या मोठ्या रायफलीवर वर्षानुवर्षं टिकलेली महागडी दुर्बीण इथं पुढच्या झटक्यानं महिनाभरात आतून सुटते. ही महिन्याभराची मुदत मी अंदाजानं लिहिलेली नाही. दुर्बीण माझी होती.

छपाईला जाण्याआधी मी हस्तलिखित तपासलं तेव्हा सातव्या प्रकरणातली स्प्रिंगची आकृती मला उलटी वाटली. पिस्टन पुढे आणि स्प्रिंग त्याच्या मागे असायला हवी, पण चित्रात स्प्रिंग पिस्टनच्या पोटात घुसलेली होती. मी लाल पेनानं खूण करून भाच्याला फोन केला. तो संध्याकाळी आला, काही न बोलता शिकंजा टेबलाला लावला, रायफल खोलली, पिस्टन काढून माझ्या हातात दिला. आतून पोकळ. स्प्रिंग खरंच पोटात बसते. आकृती बरोबर आहे. वाचकांनी लाल खुणेकडे लक्ष देऊ नये, ती चुकून राहिली असेल तर माझी आहे.